फोटो तुम्हीच काढलात ना?

आमच्या ह्यांच्या डोक्यात दोन गोष्टींनी तिडीक जाते. एक बर्फातली मासळी आणि दुसरा खोटा फोटो. मारुती आळीत ह्यांचा स्टुडिओ आहे. गुरुप्रसाद फोटोग्राफर म्हटलं की रत्नागिरीतली माणसं हसून सांगतात, "चांगला काढतो हो, पण गोरं करत नाय."

ते खरंच होतं. माणूस उजळ आणि गुळगुळीत करायची सोय हल्ली कॅमेऱ्यातच असते. हे ती कायम बंद ठेवत. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, म्हणजे रंगात पदरची भर न घालणारी, कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन थोडं खाली, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, कॅमेऱ्याच्या मर्जीवर न सोडता आपल्या हाताने लावायचा. जांभ्याच्या भिंतीपाशी उभं राहिलं की भिंतीची लाली तोंडावर चढते. म्हणून हे आधी नवरीच्या हातात कोरा पांढरा कागद देणार, त्याचा फोटो घेणार, त्यावरून रंग जुळवणार आणि मग तिला हस म्हणणार. तोवर बिचारीचं हसू वाळून गेलेलं असायचं.

एकदा एका नवरीच्या आत्याने हट्ट धरला, "जरा उजळ करा हो, सासरची माणसं बघतील."

"आत्याबाई, सफेदी करायची तर रंगारी बघा," हे म्हणाले. "मी आहे तसं काढतो."

आत्याबाई नवरीला घेऊन तरातरा समोरच्या स्टुडिओत गेल्या. त्या दिवशी मी ह्यांना विचारलं, आज तत्त्वांची आमटी करून वाढू का? पण मनातून मला ह्यांचा अभिमानच वाटायचा.

आमची मुलगी अक्षया त्याच स्टुडिओत, दिव्यांच्या छत्र्या आणि स्टँडच्या पसाऱ्यात वाढली. रंगाने माझ्यावर गेलेली. लोक सावळी म्हणतात, पण मी तिची आई आहे, मला काळी म्हणायची लाज वाटत नाही. उजव्या गालावर कांजिण्यांचा एक वण आहे, हसली की तो आधी हसतो. दुसऱ्याचा फोटो बघून कॅमेऱ्यात काय काय लावलं होतं ते ती सांगायची, आणि हे कॉलर ताठ करायचे.

तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा दोन स्थळं फोटो बघूनच परत गेली. पत्रिका जमत नाही म्हणाली. पत्रिका आम्ही अजून दिलीच नव्हती! अक्षया पोट धरून हसली. हे हसले नाहीत.

मग चिपळूणहून शुभंकरचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, माणसं साधी. त्याच्या बहिणीच्या, निशिगंधाच्या लग्नाचे फोटो ह्यांनीच काढले होते. म्हणून त्याच्या आईने आपणहून फोन करून अक्षयाचा फोटो मागितला. ह्यांनी अक्षयाला मोरपंखी साडीत स्टुडिओत बसवलं, फोटो काढले आणि एक परस्पर व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. मला दाखवला तो नंतर.

"ही कोण?" मी विचारलं.

फोटोतली मुलगी लोण्यासारखी मऊ आणि उजळ होती. गालावरचा वण नाहीसा झालेला.

"असं काय करतेस," हे म्हणाले. "एकदा घरात येऊ देत. तिला बघतील, तिच्याशी बोलतील, मग रंग कोण विचारतो?"

"आत्ताच्या आत्ता दुसरा पाठवा."

"आणि काय सांगू? पहिला खोटा होता म्हणून?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन दिवस मी ह्यांचा डबा भरला नाही. पण मला ह्यांची कीवही येत होती. जगाच्या लेकी आहेत तशा दाखवणारा माणूस स्वतःच्या लेकीपाशी घाबरला होता.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, ओल्या नारळाच्या वड्या झाल्या. अक्षया बाहेर आली, बसली, नीट बोलली. शुभंकर तिच्याशी कॉलेजातल्या प्रयोगशाळेबद्दल बोलायला लागला, तिथेच ती नोकरीला होती. त्याची आई मात्र एकदा अक्षयाकडे आणि एकदा हातातल्या फोनकडे बघत होती. मग अगदी हळू, भांडण नसलेल्या आवाजात तिने ह्यांना विचारलं, "फोटो तुम्हीच काढलात ना हो?"

"होय. म्हणजे, प्रकाशाचा जरा फरक पडतो," हे म्हणाले.

अक्षयाने हात पुढे केला. "बघू काकी." तिने तो फोटो तेव्हा पहिल्यांदा बघितला. फोन परत दिला आणि वड्यांची ताटली पुढे केली. पाहुणे जाईपर्यंत ती हसतमुख राहिली.

दोन दिवसांनी शुभंकरच्या आईचा फोन आला. "मुलगी आवडली हो आम्हांला. रंगाचं आमच्या घरात कोणाला काय नाय. पण तुमच्यासारख्या माणसाने असं केलं, तर बाकीचं काय खरं धरायचं?"

ह्यांनी फोन ठेवला आणि अक्षयाला म्हणाले, "बाळा, माझ्याकडून व्हाइट बॅलन्स चुकला."

"व्हाइट बॅलन्स बरोबर होता, बाबा. साडीचा रंग बघा, अगदी तसाच आलाय. तुम्ही स्टाइल पोर्ट्रेटवर नेलीत, स्किन सॉफ्ट केलीत, एक्स्पोजर वर चढवलंत." तिने तो फोन ह्यांच्यापुढे सरकवला. "सगळ्या रत्नागिरीच्या पोरी आहेत तशा चालतात तुम्हाला. मीच नाय चालले?"

स्थळं काय, येतात नि जातात. पण त्या दिवसापर्यंत आपल्यात काही उणं आहे असं माझ्या लेकीला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला तिच्या बापाने दाखवलं होतं.

त्यानंतर ती ह्यांच्या कॅमेऱ्यापुढे आली नाही. गणपतीत आरतीचे फोटो काढायला लागले की ती निरांजन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात जायची. हे रोज सकाळी कॅमेरा न्यूट्रलवर आहे ना ते तपासतात. आधीपासून तिथेच असतो तो.

यंदा तिला पुण्याला नोकरी लागली. अर्जासाठी पासपोर्ट फोटो हवे होते. ते तिने समोरच्या स्टुडिओत काढून घेतले होते. निघायच्या दिवशी त्यातला एक ह्यांच्यापुढे ठेवला. "जास्तीचा आहे. हवा तर ठेवा."

हे कितीतरी वेळ तो बघत बसले. साधा फोटो, मागे पांढरा पडदा. गालावर वण, रंग तिचा तिचा.

"बरोबर आलाय," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आता तो फोटो स्टुडिओच्या काउंटरवर काचेखाली आहे. परवा मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते. फोटो काढून घ्यायला आलेल्या एक बाई काचेवर वाकून म्हणाल्या, "किती खरा आलाय हो. लेक ना तुमची? फोटो तुम्हीच काढलात ना?"

ह्यांनी हातातला पांढरा कागद खाली ठेवला.

"नाय," हे म्हणाले. "मी नाय काढला."