तळघरातला बार

तळघरात नव्याने बांधलेल्या बारच्या काउंटरची मेपलच्या लाकडाची फळी नॉर्बर्ट गोर्स्कीने पुन्हा एकदा उखडली, तेव्हा वर स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, लॉरेनच्या हातातला कप बशीत खडखडला. ती तळघराच्या दाराशी आली आणि जिन्यावरून वाकून तिने विचारलं, आता काय झालं? खालून उत्तर आलं की फळी एका बाजूला झुकते आहे, वर ग्लास ठेवला तर घसरेल. लॉरेनने आदल्याच दिवशी तिच्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून पाहिला होता. तो जागचा हलला नव्हता. तरी ती दार लोटून इस्त्रीचे कपडे घेऊन बसली.

नॉर्ब थांबायला तयार नव्हता, हीच खरी अडचण होती. सगळी नोकरी त्याने मिलवॉकी शहराच्या बर्फ हटवणाऱ्या ट्रकवर काढली. निवृत्त झाल्यावर पहिला उन्हाळा छपरावर, अंगणात आणि शेजाऱ्यांच्या कुंपणांवर कसाबसा गेला. मग बर्फ पडला. भल्या पहाटे रस्त्यावरून ट्रकचं पातं खरवडत गेलं आणि हा अंथरुणात उठून बसून बूट शोधायला लागला. त्याच आठवड्यात त्याने तळघराला हात घातला. भिंतींवरच्या फुगलेल्या जुन्या लाकडी फळ्या काढल्या, भिंतींना ओल धरू नये असा रंग दिला, लॉरेनचं कपडे धुण्याचं मशीन कोपऱ्यात ढकललं, सिंक बसवलं, ते आवडलं नाही म्हणून पुन्हा हलवलं. जेवायला वर यायचा तो केसांत भुसा घेऊन, आणि ताटावरून अर्धवट उठून परत खाली जायचा.

बार मुळात लिरॉयसाठी होता. लिरॉय झिमर ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसायचा. नॉर्बने गाडी हाकायची, लिरॉयने बाजूचं पातं वरखाली करायचं. समोरच्या काचेतून बर्फाकडे बघत दोघं जेवढं एकमेकांशी बोलले, तेवढं आपापल्या बायकांशीही बोलले नसतील. शुक्रवारी पाळी संपली की कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेला मासा आणि ब्रँडी ठरलेली. मालक वारला आणि तो बार बंद पडला. तिथे कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आलं. नॉर्ब तेव्हाच म्हणाला होता की आपण आपला बांधू, माझं तळघर रिकामंच पडलंय.

मग बर्फ पडायच्या आधीच, सप्टेंबरात, मधुमेहाने लिरॉयचा पाय गेला. डावा, गुडघ्याच्या वरून. नॉर्ब हॉस्पिटलात एकदाच गेला. पांघरूण एका बाजूला उंच होतं आणि दुसऱ्या बाजूला गादीला टेकलेलं होतं. नजर कुठे ठेवावी हेच त्याला कळेना. टीव्हीकडे बघत तो फुटबॉलविषयी काहीबाही बोलला, आणि गाडी भलत्या जागी लावलीय असं सांगून निघाला. पुन्हा गेला नाही. लिरॉयची बायको जोआन अधूनमधून फोन करायची. प्रत्येक वेळी हा सांगायचा, बार पुरा होऊ दे, मग बोलावतोच, पहिला ग्लास त्याचाच.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी खाली करण्यासारखं काहीच उरलं नाही. फळी चौथ्यांदा घासून झाली होती, बाटल्या ओळीने लागल्या होत्या, दिवे लागत होते. नॉर्बने सगळे दिवे लावले, विझवले, परत लावले. शेवटी वर येऊन त्याने फोन फिरवला. आजच या म्हणाला, आत्ताच या.

फोन जोआनने उचलला होता.

"नॉर्ब, तो खाली उतरेल कसा रे?" ती म्हणाली.

तुमचा जिना किती अरुंद आहे, असं ती सांगत होती. नकली पाय अजून नीट बसत नाही, टोचतो. आमच्या दारातल्या दोन पायऱ्यांनासुद्धा उतार करून घ्यावा लागला. नॉर्ब हो हो म्हणाला, आणि कधी फोन ठेवला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

लॉरेन टेबलाशी बसून बटाटे सोलत होती.

"तुझ्या हे लक्षात आलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मग सांगायचं नाही? आख्खा हिवाळा मी खाली मर मर मरतोय."

लॉरेनने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच खाली बांधतोयस."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर त्याला भांडता आलं असतं. तो पुन्हा खाली गेला, नव्या स्टुलावर बसला, उठला, परत बसला. मग त्याने पेचकस घेतला आणि फळीचे स्क्रू काढायला सुरुवात केली. सगळंच्या सगळं वर गॅरेजात न्यायचं, त्याने ठरवून टाकलं. फळी जिन्याच्या वळणावरून जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तर कापून न्यायची. हात चालू होते तोवर बरं वाटत होतं.

अर्धे स्क्रू निघाले असतील, तेवढ्यात वरून चाकांचा आणि माणसांचा आवाज आला. तो धावत वर गेला. स्वयंपाकघराच्या मधोमध लिरॉय चाकांच्या खुर्चीत बसला होता. टोपीवर बर्फ होता. अंगाने तो पार वाळला होता. जोआन मागे हातमोजे काढत उभी होती.

"फोन माझ्यासमोर चालला होता," लिरॉय म्हणाला. "माझ्याबद्दल सगळे बोलतात, मला कोणी विचारत नाही."

नॉर्ब घाईघाईने सांगायला लागला की बार वर आणतोय, काम सुरूसुद्धा केलंय, गॅरेजात जागा भरपूर आहे, ईस्टरपर्यंत नक्की. लिरॉयने ऐकून घेतलं.

"गॅरेजात गारठून मारतोस का मला? दार उघड."

जिन्याच्या तोंडाशी त्याने खुर्चीचे ब्रेक लावले, चौकटीला धरून अंग उचललं आणि वरच्या पायरीवर बसला. नॉर्बने हात पुढे केले.

"हात लावू नकोस. तू खाली जा. आणि तिथे उभा राहून माझ्याकडे बघू नकोस. तुला ते जमत नाही. हॉस्पिटलात बघितलंय मी."

नॉर्ब त्याच्या बाजूने अंग चोरून खाली उतरला. काउंटरच्या मागे जाऊन त्याने जिन्याकडे पाठ केली, नळ सोडला आणि धुतलेले ग्लास पुन्हा धुवायला घेतले. मागे बूड आपटल्याचा आवाज यायचा, मग श्वास, मग पुन्हा आवाज. मध्यावर लिरॉय थांबला. बराच वेळ नुसता श्वासच ऐकू येत राहिला. नॉर्बने सिंकची कड घट्ट धरली आणि वळला नाही.

"आता बघ," शेवटी लिरॉय म्हणाला.

तो खालच्या पायरीवर बसला होता. चेहरा लालबुंद, कपाळ घामाने ओलं, पँटचा एक पाय दुमडून टाचणीने अडकवलेला. नॉर्बने बघितलं. टाचणीकडे बघितलं, तिच्या खालच्या रिकाम्या जागेकडेही बघितलं.

"दुखतो?"

"जो नाही तोच दुखतो. अंगठ्याला खाज येते लेका, आणि खाजवू कुठे?"

नॉर्बने त्याला काखेत धरून स्टुलावर बसवलं. आता लिरॉयने हात लावू दिला. त्याने फळीवर कोपर टेकलं तशी फळी हलली.

"सुताराला बोलवायचं होतंस."

"मीच काढत होतो. वर न्यायला."

"बसव परत."

नॉर्बने गुडघे टेकून स्क्रू पुन्हा आवळले. लिरॉय वरून सूचना देत होता, आणि त्यातली एकही कामाची नव्हती. मग नॉर्बने बाटलीला हात घातला तेव्हा लिरॉयने मान हलवली. डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं. नॉर्बने दोन ग्लासांत सोडा ओतला, लिंबाच्या चकत्या टाकल्या, आणि काउंटरला वळसा घालून शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. दोघं समोरच्या बाटल्यांकडे बघत बसले.

"मी यायला हवं होतं," नॉर्ब म्हणाला.

"हो," लिरॉय म्हणाला. थोड्या वेळाने त्याने ग्लास पुढे सरकवला. "सोड्यात गॅस नाहीय."

निघायची वेळ झाली तेव्हा खिडकीतला उजेड उतरला होता. वर चढणं उतरण्याहून वाईट होतं. लिरॉयने जिन्याकडे पाठ केली, तळवे मागच्या पायरीवर रोवले आणि स्वतःला उचललं. तीनचार पायऱ्यांनंतर त्याचे दंड थरथरायला लागले. नॉर्ब खाली उभा होता. त्याने हात पुढे केला नाही. तो वळला, लिरॉयच्या खालच्या पायरीवर पाठमोरा बसला, तळवे रोवले आणि त्याच्यासारखाच एक पायरी वर सरकला.

"तू काय करतोयस?"

"दम लागलाय मला. चल, सरक."

लिरॉय सरकला. मग नॉर्ब सरकला. मग दोघं थांबले.

दार बराच वेळ उघडलं नाही म्हणून लॉरेनने ते जरासं लोटून खाली पाहिलं. अंधुक जिन्यात दोन पांढरी डोकी एकाखाली एक टेकली होती. जोआन तिच्या मागून पुढे व्हायला निघाली. लॉरेनने तिचं मनगट हलकेच धरलं, जिन्यात उजेड पडेल एवढी फट ठेवून दार लोटलं, आणि कॉफीसाठी पाणी चढवायला गेली.