सहाव्या टेबलाचा श्वास

पॅकिंगच्या हॉलमध्ये सुटीच्या दिवशी एवढी गर्दी मालकानेही कधी पाहिली नसेल. ओव्हरटाइमला बोलावलं की ज्यांचं डोकं दुखतं, ज्यांच्याकडे नेमके पाहुणे येतात, त्या शिवणखात्यातल्या चाळीसही जणी आज न बोलावता हजर होत्या. प्रत्येकीच्या हातात मोबाइल होता, आणि तो अंगापासून लांब, विंचू धरावा तसा धरलेला.

समोर कापडाच्या गठ्ठ्यांवर श्वासबाबा विराजमान होते. त्यांनी इस्त्रीवालीच्या फोनला आपले इअरफोन जोडले, तिच्या कानात घातले आणि एक गाणं लावलं.

"गाणं नको ऐकूस. गाण्याच्या मागे ऐक. काय येतंय?"

इस्त्रीवालीचा चेहरा उतरला. "श्वास येतोय, बाबा. कुणीतरी श्वास घेतंय."

"कुणीतरी? अगं, सहावं टेबल विसरलीस?"

सहाव्या टेबलावरची कटिंगवाली मावशी दीड महिन्यापूर्वी काम करता करताच वारली होती. दम्याचा आजार होता. तिचा शेवटचा, बारीक सळसळणारा श्वास सगळ्यांनी ऐकला होता, आणि आठवड्याभरातच तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ऐकू येऊ लागला होता.

बाबांनी काळ्या रेशमाने गुंडाळलेला सुपारीएवढा मणी काढला. त्याच्या दोन्ही बाजूंना वायर होती. "कंपन्यांची रेंज जिथे संपते ना, तिथून माझा टॉवर सुरू होतो!" असं म्हणत त्यांनी फोनच्या बाजूची बटणं दाबली, मणी फोन आणि इअरफोन यांच्या मधे जोडला, मुठीत धरून अंगठ्याने चोळला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. इस्त्रीवाली ओरडलीच, "गेला! गाणं तसंच आहे, श्वास गेला!"

चाळीस जणींचे हात आपोआप जोडले गेले. रांगेत अकराव्या नंबरवर उभ्या असलेल्या काजवालीचेही.

काजवाली बारा वर्षं शर्टांना काजं पाडत होती. हात असा की डोळे मिटूनही पातं सुताच्या पुढे जायचं नाही. पण गेले पाच आठवडे तेच पातं सुताच्या पुढे घसरत होतं. सुटीच्या दुपारी दारं लावून ती गाणी ऐकत पडली होती. गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, आणि मधल्या शांततेत तिने तो श्वास ऐकला. तेव्हापासून धड झोप नाही की धड जेवण नाही. कारण त्या दिवशी मावशीने पाणी मागितलं होतं तिच्याकडेच, आणि ती म्हणाली होती, "एवढं काज पाडून आणते हं, मावशी." काज पाडून होईपर्यंत मावशी खाली कोसळली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचा नंबर आला. बाबांनी फोनकडे पाहिलंच नाही. ते पाहत होते तिच्या पदराला धरून उभ्या असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या लेकीकडे, चिमणीकडे. पोरीचा हात डाव्या कानावर होता.

"कधीपासून दुखतोय?"

"परवापासून. सर्दी झालीये तिला, म्हणून..."

"सर्दी!" बाबा हसले. "तुझे इअरफोन लावते ना ही? मग तो आत शिरलाय. मेणाने कान बंद करायचा, सात दिवस. औषधाचा एक थेंब जरी गेला, तर श्वास डोक्यात चढेल. मग मला विचारायला येऊ नकोस."

काजवालीने त्याच दिवशी मेण लावलं. चिमणी रडली, तरी लावलं. पोरगी आपल्या पापाची शिक्षा भोगतेय, हे तिच्या मनाने घेतलं होतं. नवरा ट्रक घेऊन दूरवर गेलेला, विचारायचं कुणाला?

तिसऱ्या दिवशी पोरगी तापाने फणफणली. कानाच्या मागे सूज आली, मेणाच्या कडेने घाण वास येऊ लागला. काजवाली मेणाजवळ बोट नेई आणि मागे घेई. काढलं तर श्वास डोक्यात चढणार, ठेवलं तर पोरगी तडफडणार. भीतीने तिला धड रडताही येत नव्हतं.

अशात सकाळी नणंद दारात उभी राहिली. ती हॉस्पिटलमध्ये कानाची तपासणी करायची. जिभेला हाड नाही, पण जीव भावजयीत अडकलेला.

"काय गं, चार फोन केले, उचलत का नाहीस? फोनला भूत लागलंय की काय?"

थट्टा होती ती. पण काजवालीने तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि मावशीच्या पाण्यासकट सगळं सांगून टाकलं.

नणंदेने पायात पुन्हा चपला सरकवल्या. तिने चिमणीला उचललं आणि रिक्षा थांबवली.

डॉक्टरांनी मेण काढलं तेव्हा आतून पू वाहिला. "पडद्याला भोक पडलंय," ते म्हणाले. "आणखी दोन दिवस थांबल्या असतात तर हाडात गेलं असतं." पाच दिवसांनी ताप उतरल्यावर नणंदेने पोरीला तपासणीच्या बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाला बोट पटापट वर गेलं. डाव्या कानाला नणंद आवाज वाढवत राहिली, वाढवत राहिली, पण बोट मांडीवरच. काचेबाहेरून काजवाली त्या बोटाकडे पाहत होती. अखेर एकदाचं ते बोट हळूच वर झालं.

"पडदा भरून येईल," नणंद म्हणाली. "किती ऐकू येईल, ते सहा महिन्यांनी कळेल. आता तुझं भूत दाखव इकडे."

तिने वहिनीला त्याच खोलीत बसवून तिच्या फोनला इअरफोन जोडले. श्वास आला. काजवालीने खुर्ची घट्ट धरली.

"हे कुठलं अ‍ॅप आहे? आवाज वाढवणारं?"

"ते सगळ्यांकडे आहे. खात्यात मशिनींच्या घरघरीत गाणं ऐकू येत नाही, म्हणून इस्त्रीवालीने सगळ्यांना टाकून दिलं. मावशी गेली त्याच आठवड्यात."

नणंदेने ते बंद केलं. श्वास अर्ध्याहून खाली गेला.

"प्रत्येक फोनच्या आत थोडी खरखर असतेच, वहिनी. हे अ‍ॅप गाण्यासोबत तीही फुगवतं. खात्यात मशिनी तिला झाकतात, घरच्या शांततेत ती उघडी पडते. आता सांग, तुझा बाबा मणी मुठीत धरून अंगठ्याने काही करतो का?"

काजवालीला अंगठा आठवला. तो हलत होता.

पुढच्या सुटीला हॉल पुन्हा भरला. काजवाली रांगेत न थांबता थेट पुढे गेली. बाबांनी फोनचा आवाज वाढवून मणी जोडला, तशी तिने त्यांची मूठ धरली आणि काज पाडायच्या पात्याने वरचं रेशीम टराटरा उसवलं. आत प्लॅस्टिकचं छोटं चाक निघालं, आवाज कमी-जास्त करायचं.

"हात लावू नकोस! भस्म होशील!" बाबा किंचाळले.

"भस्म व्हायचं तेव्हा होईन. आधी हे बघा गं!" तिने फोन-इअरफोनसकट चाक इस्त्रीवालीच्या हातात दिलं. "हे महाराज फोनचा आवाज मोठा करतात आणि या चाकाने वायरवर लहान. खरखर फोनच्या बटणाने वाढत नाही, म्हणून गाणं होतं तेवढंच राहतं आणि ती तेवढी दबते. फिरवून बघ. टॉवर म्हणे!"

इस्त्रीवालीने चाक फिरवलं. श्वास आला. उलट फिरवलं. गेला. तिने पुन्हा आणला, पुन्हा घालवला, आणि चाक शेजारणीच्या हातात दिलं. चाक हातोहात फिरत असताना बाबा आपले गठ्ठे सोडून मागच्या दाराने पसार झाले. कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ते अ‍ॅप काढून टाका," काजवाली म्हणाली. "आणि पुन्हा कसला आवाज आला, तर आधी तो कुठून येतो ते शोधा. कळलं नाही, तर ज्याला कळतं त्याला विचारा. भीती वाटली म्हणून हात जोडू नका. मावशीला मी पाणी वेळेवर दिलं नाही, ते माझ्या मनाला लागलं होतं. त्या बाबाने माझी भीती हेरली आणि मला आणखी घाबरवलं. पण माझ्या लेकीचा कान ना मावशीने बंद केला, ना त्याने. मेण मी लावलं. या हातांनी."