जारांना मारलेली हाक

सितान सुमानोचा गळा बावीस वर्षं बसलेला होता, आणि तोही एका नावापुरता. दुसरं कुठलंही कूळ असू दे, बामाको शहरात लग्न असो की बारसं, ती त्या घराच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा उभ्या करायची की नवऱ्यामुलाच्या बापाला आपण खरंच कुणीतरी आहोत असं वाटू लागायचं. पण मांडवात जारा कुळातलं कुणी आहे असं कळलं की तिला खोकला यायचा. मग गरम पाणी मागवलं जायचं, मध मागवला जायचा, आणि बाई पुढच्या कुळाकडं वळायच्या. न्हाव्यानं गावातल्या एकाच घराची दाढी टाळावी तसला हा प्रकार. लोकांच्या लक्षात येतंच. पण भाटांच्या घरात जन्मलेल्या बाईला विचारणार कोण? त्या मुलखात भाटणीला जाब विचारत नाहीत, तिला दोष लावत नाहीत. तसं केलं तर आपलंच वाईट होतं अशी समजूत आहे.

अशात एक दिवस मादू त्राओरे नावाचा तरुण कॅमेरा घेऊन तिच्या अंगणात येऊन बसला. तो बावीस वर्षांपूर्वी सांसाबुगू गावात झालेल्या संगीत उत्सवावर माहितीपट करत होता. त्या उत्सवाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या दिवशी भर दुपारी नदीकडून धुळीचं वादळ आलं आणि हाताला हात दिसेना. संगारे नावाच्या आयोजकानं फुकटे आत येऊ नयेत म्हणून फाटकाला साखळी घातली होती. मंचासमोरच्या कुंपणावर माणसांवर माणसं पडली आणि अकरा जण गेले. संगारे परदेशात सुखात आहे. मादूला त्याची मानगूट धरायची होती, आणि त्यात काही वाईट नव्हतं.

"मावशी, तुमच्याशिवाय ही फिल्म उभीच राहत नाही," मादू म्हणाला. "सगळे वादक पळाले. एकट्या तुम्ही गात राहिलात. तुमच्या आवाजानं लोकांना धीर आला."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. ऐका ना, तेव्हाची टेप सापडलीय मला."

त्यानं तिच्या कानांना हेडफोन लावला. पडद्यावर नुसती तांबडी धूळ होती. खाली तिचाच आवाज, चाळिशीतला, भरदार. चार शब्द ऐकले आणि तिनं हेडफोन ओढून काढला.

"रेकॉर्डिंग खराब आहे ना जरा?" मादूनं विचारलं.

"चांगलं आहे," सितान म्हणाली. "फार चांगलं आहे."

ते चार शब्द असे होते: जारा, सिंहाच्या पिल्लांनो, उठा.

भाटानं कुळाचं नाव घेतलं की माणूस बसून राहत नाही. उठतो, पुढं येतो, हाताला लागेल ते भाटाच्या हातात ठेवतो. नोट असेल, बांगडी असेल, नसलंच काही तर डोक्यावरची टोपी. मग भाट म्हणतो, पोचलं, बस. आणि मगच तो माणूस बसतो. त्या दुपारी धूळ आली तेव्हा सितानला वाटलं, आता माणसं वाट फुटेल तिकडं धावणार आणि एकमेकांना तुडवणार. गर्दीला कशानं तरी बांधायला हवं. आणि भाटणीकडं बांधायला नावाखेरीज असतं काय? सांसाबुगू हे जारांचं, म्हणजे सिंहांच्या कुळाचं गाव, निम्मं मैदान जारांचं. तिनं त्यांना हाक मारली. ते आले. मागून आले, दोन्ही बाजूंनी आले, अंधारात तिच्या आवाजाच्या रोखानं आले. दिसत कुणीच नव्हतं, पावलं तेवढी ऐकू येत होती. पावलं येतायत म्हणजे माझा इलाज लागू पडतोय असं समजून ती आणखी मोठ्यानं गायली.

तेव्हापासून ती डोळे मिटून गात नाही. मिटले की ते समोर असतात. तोंडं धुळीनं माखलेली, त्यामुळं ओळख पटत नाही, पण हात स्वच्छ दिसतात, पुढं केलेले. रागावलेले असते तर तिनं निभावून नेलं असतं. ते रागावलेले नसतात. काहीतरी द्यायला आणलेलं असतं आणि तिनं ते घ्यावं म्हणून थांबलेले असतात.

मादूला तिनं होकार दिला तो एवढ्याचसाठी. ही फिल्म झाली की सारा देश आपल्याला शूर म्हणणार, आणि ते शूरपण घेऊन मरायचं तिच्या जिवावर आलं होतं. कॅमेऱ्यासमोर खरं काय ते सांगायचं आणि परत यायचं, असं तिनं ठरवलं. गायचं मात्र नाही. ते नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

सांसाबुगूत नदी आटली होती. मैदानात मादूनं पूर्वीच्याच जागी फळ्यांचा छोटा मंच उभारला होता, आणि समोर आंब्याच्या सावलीत गावातले जारा चटया टाकून बसले होते. मादू त्राओरे कुळातला. त्राओरे आणि जारा यांना एकमेकांची टिंगल करायचा हक्क वाडवडिलांपासून आहे, आणि तो कुणी वाया घालवत नाही.

"काय रे चवळीखाऊ," एक म्हातारा जारा मादूला म्हणाला, "सकाळी जेवून आलास ना? मग कॅमेऱ्यापासून लांब उभा राहा. काच काळी पडेल."

"आमच्या चवळ्या तुम्हीच चोरून खाता, आजोबा. म्हणून तर तुमच्या गावात एवढा वारा सुटतो."

सगळे हसले. मग वारा या शब्दानं ते वादळ आठवून गप्प झाले. मादू घाईघाईनं पुढच्या चटईवरच्या म्हातारीकडं वळला. "न्येलेआत्या, तू तरी माहेरच्या माणसाची बाजू घे."

"मी पन्नास वर्षं या सिंहांना चवळ्याच शिजवून घालतेय," म्हातारी म्हणाली. "मला कुणाची बाजू नाही."

सितानला ती कोण ते माहीत होतं. त्राओऱ्यांची लेक, जारांची सून. तिचा थोरला मुलगा झान त्या कुंपणापाशी सापडला होता.

मादूनं सितानला मंचावर उभं केलं, माइक लावला आणि खूण केली. ती कॅमेऱ्याकडं न बघता चटयांकडं बघून बोलली.

"साखळी संगारेनं घातली. त्याला सोडू नका. पण लोक फाटकाकडं पाठ करून माझ्याकडं आले. मी जारांना हाक मारली म्हणून आले. मी कुणाला धीर दिला नाही, मी त्यांना बोलावलं."

मादूचा चेहरा उतरला. वर्षभर तो ती टेप ऐकत होता आणि तिच्यात फाटकाचाच पुरावा शोधत होता.

"झालं तुझं सांगून?" न्येलेनं विचारलं.

"झालं."

"आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं? आम्ही काय बहिरे होतो?"

सितान मंचाच्या कडेशी आली. "मग इतक्या वर्षांत कुणी काही म्हटलं का नाही?"

"भाटणीला कोण म्हणणार? आणि म्हटल्यानं पोर परत येणार होतं का?" म्हातारीनं पाय पसरले, गुडघे चोळले. "त्याचं मी काही म्हणत नाही. वादळात तुला सुचलं ते तू केलंस. नंतरचं म्हणते. माझ्या घरात किती लग्नं झाली. बामाकोहून भाट आले. सितान सुमानो जे नाव घेत नाही ते आपण कशाला घ्यायचं, म्हणून सगळ्यांना खोकला. पोरं नवरे झाली, बाप झाली, पण कुणी त्यांना सिंह म्हटलं नाही. धाकट्या नातीनं परवा विचारलं, आपल्याला कूळ नाही का म्हणून."

"माझ्याच्यानं होत नाही, बाई."

"आणि ते गेलेले? त्यांना तू पुढं बोलावलंस आणि तशीच गप्प झालीस. बोलावलेल्या माणसाला बस म्हणायला नको? अजून उभेच आहेत ते."

त्या हातांबद्दल तिनं कधीच कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. तिला फार भीती वाटली, आणि भीती वाटत असतानाच तिचं तोंड उघडलं.

"जारा," ती गायली. आवाज चिरका निघाला. "जारा, सिंहाच्या पिल्लांनो, उठा."

कुणी उठलं नाही.

पुरुषांनी चटईच्या कडा मुठीत धरल्या होत्या. एका तरुण बापानं लेकीच्या खांद्यावर हात दाबून ठेवला होता. टिंगल करणाऱ्या म्हाताऱ्याची मान खाली होती आणि त्याचे गुडघे थरथरत होते, उठायची सवय हाडात असलेल्या माणसाचे थरथरावेत तसे. सितानला उमगलं. या गावात आता पोरांना हेच शिकवतात. भाटानं नाव घेतलं की घट्ट बसून राहायचं. शेजारच्याचा हात धरायचा आणि उठायचं नाही. हे तिनं केलं होतं. मेलेल्यांचं तिला माहीत होतं, जगलेल्यांना असं करून ठेवल्याचं माहीत नव्हतं.

ते येणार नाहीत, तर मग तिनंच जायला हवं होतं. भाट गात गात लोकांकडं जातो असं त्या मुलखात कुणी ऐकलेलं नाही. सितान फळ्यांवरून खाली उतरली.

"मावशी, इकडं थांबा," मादू हळूच म्हणाला. "कॅमेऱ्यात येत नाही तुम्ही."

ती थांबली नाही, आणि मादूलाही कॅमेरा वळवायचं सुचलं नाही. फिल्ममध्ये त्या जागी रिकाम्या फळ्या दिसतात आणि लांब लांब जाणारा एक म्हातारा आवाज ऐकू येतो.

ती एकेका चटईपाशी गेली. गुडघे टेकून तिनं एकेकाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आज्याचं घेतलं, आणि हात पुढं केला. त्यांनी बसल्या जागेवरून हाताला लागलं ते ठेवलं. कुणी मानाला देतात ती कोलाची बी ठेवली, कुणी कानातलं. "पोचलं, सिंहा, बस," ती म्हणत गेली, आणि बसलेली माणसं ते ऐकून रडत होती. मग तिनं डोळे मिटले आणि गेलेल्यांची नावं घेतली. त्यांनाही एकेकाला सांगितलं, पोचलं, बस.

शेवटी ती न्येलेच्या चटईशी आली.

"झान जारा," ती गायली. "पोचलं मला. आता बस, बाळा."

न्येलेनं तिचा पुढं केलेला हात दोन्ही हातांत धरला.

"परत सांग," ती म्हणाली. "एका हाकेत ऐकणारा नव्हता तो. जन्मात एकदाच ऐकलं होतं, तुझं."