पान एकसष्ट

"समोर हाय तसं जुळव गो पोरी. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाय."

तीस वर्षांपूर्वी रोह्याच्या छापखान्यातले जुने जुळारी बाबाजी असं बजावायचे. आसिया तेव्हा अठरा वर्षांची, शिशाचे खिळे जुळवायला शिकणारी. बाबाजी गेले, छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले. आवाज तेवढा मागे राहिला. आज पेणच्या वाचनालयात, प्रकाशनाच्या कार्यक्रमात पुस्तकांच्या टेबलामागे बसल्या बसल्या तो तिला अगदी कानाशी ऐकू आला.

कारण समोर, अलिबागहून आलेल्या प्राध्यापक बाई पान एकसष्टवरची ओवी वाचत होत्या.

दर्यापार माझा भाऊ, हाताला वाळूचा वास
सणाच्या दिवशी बाई, नावाचा मोडते घास

बाईंनी ती दोनदा वाचली. गागोद्याच्या डोंगराकडे भातात राबलेली ऐंशी वर्षांची धोंडुबाई, दर्या कधी न पाहिलेली, तिला हे सुचलं कसं, असं त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. आसियानं मुळात सरळ असलेली पुस्तकांची चळत पुन्हा सरळ केली.

पुस्तक धोंडुबाईंच्या ओव्यांचं. काढलं हैबतराव सरांनी. सर निवृत्त शिक्षक. पेणला घराच्या पडवीत त्यांचं प्रकाशन, वर्षाला दोन पुस्तकं, फार तर तीन. सोळा वर्षं आसिया रोह्याहून सकाळच्या एसटीनं येते, पडवीतल्या संगणकावर पानं लावते, पुस्तक निघालं की टेबलावर बसून विकते. सरांनी दोन उन्हाळे धोंडुबाईंच्या ओटीवर बसून फोनवर ओव्या टिपल्या, तिनं त्या ऐकून उतरवल्या. ऐकता ऐकता तिची मान डोलायची. असं काम मिळणं म्हणजे नशीबच, असं तिला मनापासून वाटायचं.

एका पानावर चार ओव्या. भावाच्या ओव्या संपल्या तिथं, पान एकसष्टवर, मात्र तीनच निघाल्या. खाली जागा उरली, पुढचा दात पडल्यासारखी. पान भरल्यावर कसं दिसेल ते बघायला जुळारी काहीतरी तात्पुरतं लिहून ठेवतो आणि नंतर काढून टाकतो. आसियानं तेच केलं. मनात आली ती ओवी लिहिली. तिचा भाऊ सईद वीस वर्षं कुवेतला आहे. ईदच्या दिवशी त्याच्या वाटचा एक घास ती ताटाच्या कडेला काढून ठेवते.

तपासलेली पानं परत आली तेव्हा त्या चौथ्या ओवीवर सरांची लाल खूण होती आणि शेजारी एकच शब्द, 'सुंदर'.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण उभ्या जन्मात तिच्या कशापुढेही कुणी तो शब्द लिहिला नव्हता. पान तसंच छपाईला गेलं, आणि प्रस्तावनेत सरांचं वाक्यही गेलं: यात आमचं एक अक्षरही नाही.

पेणच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना ती बोलणार होती. सर मात्र रोह्याच्या कार्यक्रमाबद्दलच सांगत सुटले. पुस्तकाच्या दुसऱ्या भागासाठी तिथं लोकांकडे पैशाची मदत मागायची होती. तापामुळे पेणला न आलेल्या धोंडुबाई तिथं स्वतः गाणार होत्या, आणि शेवटी ती चौथी ओवी म्हणणार होत्या. सरांचा चेहरा लग्नघरातल्या बापासारखा फुलला होता. आसियानं चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.

रोह्याला सभागृह भरलं. मोहल्ल्यातल्या बायका घेऊन सईदची बायको बतूल आली होती. टेबलाशी येऊन ती हळूच म्हणाली, "पुस्तकं तू जुळवायची न् हार सरांच्या गळ्यात. चांगला कारभार हाय."

धोंडुबाई भावाच्या हाताला धरून आल्या. काळुराम पंच्याहत्तरीचा, तरी बहिणीच्या पुढं एक पाऊल टाकत नव्हता. कार्यक्रमाआधी त्या आसियाशेजारी बसल्या, पुस्तकावरून हात फिरवला आणि आपलं नाव कुठं आहे ते विचारलं. आसियानं त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं.

"एवढंसंच गो? एवढा जलम गेला, मला वाटलं लांबलचक आसंल."

दोघी हसल्या. मग धोंडुबाई गायला बसल्या. जात्याशिवाय, हाताच्या नुसत्या फिरण्यावर, ओवीमागून ओवी. मागे उभी असलेली माणसं खाली बसली. बायका हलक्यानं साथ देऊ लागल्या. टेबलामागे आसियाचे ओठही हलत होते. तिला सगळं पाठ होतं.

शेवटी सरांनी दर्याची ओवी म्हणायला सांगितली.

"कुठची?"

सरांनी पहिली ओळ वाचून दाखवली. बतूलनं वळून टेबलाकडे पाहिलं.

"ही माझी नाय," धोंडुबाई म्हणाल्या. "माझा भाऊ ह्यो बसलाय. बांधाला बांध हाय आमचा. तो कुठं जातोय दर्यापार?"

हशा पिकला. सर समजुतीनं म्हणाले की आजी, तुमच्याच तोंडची आहे, छापलीय पुस्तकात. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की वयच झालंय, व्हायचंच असं. धोंडुबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, उलटसुलट फिरवलं. सत्तर वर्षांत एक ओवी न विसरलेली ती बाई कोऱ्या नजरेनं अक्षरांकडे बघत राहिली. मग तिनं भावाला विचारलं, अगदी हळू, पण माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"काळू, मी इसराया लागले काय रे?"

काळुरामनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आसिया टेबलामागून उठली. खुर्च्यांच्या मधून चालताना तिला सरांची प्रस्तावना दिसत होती, दुसरा भाग दिसत होता, पडवीतली संगणकाजवळची आपली खिडकी दिसत होती. पाय थांबले नाहीत. पुढं जाऊन ती धोंडुबाईंसमोर खाली बसली आणि त्यांच्या हातातलं पुस्तक तिनं हळूच मिटलं. सरांकडे एकदा पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आजी, तुम्ही काय इसरला नाय. ती ओवी माझी हाय."