शिडीची साक्ष

मी शिडी बोलतेय. घडीची, अ‍ॅल्युमिनियमची, रंगारी वापरतात तसली. पण भिंत रंगवायचं भाग्य माझ्या नशिबी कुठलं! कुस्तीचे खेळ लावणारा मालक दुकानात आला, त्याने मला जोरात थाप मारली आणि म्हणाला, "आवाज झकास आहे, हीच द्या." मजबूत आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. माणसाच्या पाठीवर आपटली की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, अशी शिडी त्याला हवी होती.

शिडीची कुस्ती पाहिली नसेल तर सांगते. रिंगच्या बरोबर वर दोरीला विजेत्याचा पट्टा टांगतात. पाठ टेकवायची भानगड नाही, पंचाने आकडे मोजायचे नाहीत. जो माझ्यावर चढून पट्टा काढील तो जिंकला. आता भराभर चढलं तर कितीसा वेळ लागतो? पण मग लोकांनी काय बघायचं? म्हणून पैलवान पायात शिसं भरल्यासारखा चढतो, लोक "अरे चढ की मेल्या!" म्हणून घसा बसवून घेतात, आणि तेवढ्यात दुसरा उठून त्याला खाली खेचतो. कोण जिंकणार, कोण कुठून पडणार, सगळं आधी ठरलेलं असतं. पडणं मात्र खरं असतं.

माझ्या जोडीला नेहमी आणखी एक शिडी असायची, आतून अर्धी कापलेली. ती मोडायला आणि मी चढायला. बिचारीशी जरा ओळख होतेय तोवर तिचे तुकडे झालेले असायचे.

पडण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. मामा म्हणजे आमचे काळ्या मुखवट्याचे दुष्ट पैलवान. ते आयुष्यभर हरले आणि त्यांच्या जिवावर बाकीचे जिंकले. शेवटी शेवटी ते ज्याच्याकडून मार खायचे तो त्यांचा सख्खा जावई. बाहेर दोघे जन्माचे वैरी, आणि आत कपडे बदलायच्या खोलीत एका डब्यात जेवणारे. "जावयाचे असले लाड कुठल्याच सासऱ्याने केले नसतील हो!" असं बाकीचे चिडवायचे, की मामा तोंडातला घास सांभाळत हसायचे.

मामांची लेक मी लहानपणापासून बघितली. खेळ संपला की ती आत यायची आणि बापाची काळीनिळी पाठ बघून रडायची. "अगं वेडे, खोटं असतं सगळं. मला काही लागत नाही," असं म्हणून मामा तिला गप्प करायचे. मग ती गेल्यावर माझ्याच पायरीला धरून कण्हत उठायचे.

पुढे मानेचं दुखणं निघालं. आता एकदा जरी वरून पडलात तर संपलं, असं डॉक्टरने बजावलं. लेक तडक खोलीत आली. "बाबा, आजचा शेवटचा खेळ. खालच्या पायरीवरून पडायचं आणि पडूनच राहायचं. माझी शपथ आहे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू त्यांना जपून पाड. शब्द दे." त्याने शब्द दिला.

तसंच झालं. मामा खालच्या पायरीवरून अलगद पडले आणि पडून राहिले. जावई चढला, त्याने पट्ट्याला हात घातला. पट्टा निघेना! जुना हुक सैल झाला म्हणून त्या दिवशी नवा लावला होता. तो मामांनीच दुपारी स्वतः अडकवला आणि जावयाला दाखवायचं राहून गेलं. घामेजल्या बोटांनी तो ओढतोय, हिसडतोय, आणि शत्रू खाली आडवा पडलेला. लोक हसायला लागले. आमच्या धंद्यात शिव्या चालतात, हसू चालत नाही. ज्याला लोक एकदा हसले त्याला मालक पुन्हा उभा करत नाही.

मामांनी ते हसू ऐकलं. ते उठले आणि माझ्या दुसऱ्या बाजूने चढू लागले. सगळं सभागृह ओरडायला लागलं. वर पोचल्यावर त्यांनी एका हाताने जावयाची मान आवळल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हाताने हुक चाचपला. "आधी दाबायचा, मग फिरवायचा. हं, सुटला बघ."

"मामा, आता हळूच उतरा."

"आणि लोकांना काय सांगू, जिना चुकलो म्हणून? ढकल."

"नाही ढकलणार. तिला शब्द दिलाय."

"अरे ढकल म्हणतो ना!"

त्याने नाही ढकललं. मामांनी स्वतः हात सोडला. जावयाचे दोन्ही हात पुढे गेले ते त्यांना धरायला. लांबून ते ढकलल्यासारखं दिसलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पंच मामांवर वाकला, काहीतरी विचारलं, आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. हा आमच्यातला इशारा: हे खेळातलं नाही, खरं लागलंय. लोकांना तो कळत नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या लेकीला कळला.

मामा जिवंत आहेत. मानेखाली काही हलत नाही. लेक नवऱ्याला दारात उभं करत नाही. तो खेळ संपल्यावर माझ्या खालच्या पायरीवर बसतो आणि स्वतःशीच बोलतो, तेव्हा मला कळतं. मामांनी तिला सांगितलं, "मीच हात सोडला गं, त्याने नाही ढकललं." तर ती म्हणाली, "बाबा, लागत नाही, लागत नाही म्हणून तुम्ही जन्मभर मला खोटं सांगितलंत. आता हेही तसलंच."

मला आता सभागृहाच्या दाराशी साखळीने बांधून ठेवलंय. शेजारच्या पडद्यावर ते पडणं सारखं दाखवतात. लोक माझ्याजवळ उभे राहून एकमेकांना ढकलल्याचे फोटो काढतात. हौसेला मोल नाही!

लेक एकदा मामांची बॅग न्यायला आली होती. जावई मागे मागे आला. "अगं, ऐक तरी!" "काय ऐकू? डोळ्यांनी बघितलंय मी." पडद्यावर ते पडणं आलं, तशी तिने तोंड फिरवलं आणि ती निघून गेली.

पोरी, मला तोंड असतं तर तुला थांबवलं असतं. माझ्यावरून कोणी कोणाला ढकललं की मला हिसका बसतो, माझे पाय उचलतात, करकरत सरकतात. असले हिसके मी जन्मभर खाल्लेत. त्या दिवशी मी तसूभर हलले नाही. सगळे वरच बघत होते, तूही वरच बघितलंस. एकदा फक्त पडद्यावर खाली बघ, माझ्या पायांकडे.

पण कालपासून मालकाने ते चित्र जवळून दाखवायला सुरुवात केलीय. त्यात मामांचा मुखवटा आहे, जावयाचा चेहरा आहे, त्याचे पुढे आलेले हात आहेत. माझे पाय त्यात नाहीत.