साठावा फ्रॉक

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं? वरच्या ऑफिसातून एक मेसेज टाकला की झालं. 'दुसरीच्या प्रत्येक मुलाने एक कपडा दाखवून त्याचे नाव इंग्रजीत पूर्ण वाक्यात सांगावे. प्रत्यक्ष वस्तू वापरावी. व्हिडिओ शुक्रवारपर्यंत ॲपवर अपलोड करावा.' वर्गात एकेचाळीस पोरं. फोन माझा, नेट माझं आणि दुखणारे गुडघेही माझेच. कामतघरच्या या पालिकेच्या शाळेत मला सव्वीस वर्षं झाली. आता कोणी काही नवीन सांगितलं की मला आधी खाली बसावंसं वाटतं.

बुधवारी मी मुलांना म्हटलं, उद्या घरून एक चांगला कपडा आणा. चांगला, असं दोनदा बजावलं. मागे 'एक फळ आणा' म्हटलं होतं, तर भाविकने अर्धा खाल्लेला पेरू आणला होता.

गुरुवारी त्याच भाविकने बापाची लुंगी आणली. शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट खिडकीतून येतच असतो, त्याच्या वर आवाज चढवून ओरडला, "धिस इज माय लुंगी!" सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "अरे राजा, बाप काय नेसणार आज?" सखीने एकच मोजा आणला होता, दुसरा म्हणे उंदराने नेला. प्रत्येकाचा व्हिडिओ दोन-दोनदा घ्यावा लागत होता. कोणी 'माय' विसरायचं, कोणी मध्येच नाक पुसायचं. दहा वाजेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

मग दिपिका उठली. वर्गातली सगळ्यात गप्प पोर. बाप लूमवर रात्रपाळीला, आई सुवर्णा घरीच काहीतरी काम घेते, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. तिने दप्तरातून एक पारदर्शक पिशवी काढली आणि त्या पिशवीतून एक गुलाबी फ्रॉक. कोराकरकरीत, दुकानात असते तशी घडी. बाहीला टॅग लटकत होता.

"अगं बाई! कधी घेतला?"

ती रिकामी पिशवी नीट दुमडत राहिली. मला वाटलं, लाजली. मला आपलं बरं वाटलं, लेकराला कोणीतरी नवीन कपडा घेतला म्हणून. म्हटलं, युनिफॉर्मवरूनच घाल. तिने घातला. टॅग व्हिडिओत दिसायला लागला, तशी मी टेबलावरची कात्री उचलली. "नवीन कपड्याचा टॅग काढून मग घालतात, वेडाबाई." तिचा हात टॅगकडे गेला, पण माझी कात्री आधी पोचली. टॅग मी कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती डब्याकडे बघत राहिली.

"तिकडे काय बघतेस? मोबाइलकडे बघ."

"धिस इज माय फ्रॉक," ती म्हणाली. एका दमात, न चुकता. दिवसातला पहिला सरळ व्हिडिओ. मी तो ॲपवर चढवला, आणि कौतुक आवरेना म्हणून पालकांच्या ग्रुपवरही टाकला.

ते कौतुकच नडलं. मधल्या सुट्टीत सुवर्णा धापा टाकत दारात आली. शेजारणीच्या फोनवर तिने व्हिडिओ बघितला होता.

"बाई, तो फ्रॉक कुठं हाय? तो आमचा न्हाय!"

मग सगळं कळलं. राहनाळच्या एका गोडाऊनमधून ती कपडे घरी आणते. लोंबणारे धागे कापायचे, टॅग लावायचा, घडी घालून पिशवीत भरायचं. साठ नग, साठच टॅग मोजून दिलेले, आज पाचला साठ परत द्यायचे. सकाळपासून ती एकोणसाठच मोजत होती.

"टॅग नसला की गोडाऊनवाला घेत न्हाय, बाई. टॅग काढला म्हंजे कुणीतरी वापरला. शेजारणीच्या पोरीनं लग्नात मालातला एक ड्रेस घातला, तर तिच्या आईचं काम कायमचं बंद केलं. माझं बंद झालं तर मी कुठं जाऊ? ह्यांची ड्युटी आठवड्यातनं तीनच दिस हाय आता." तिने फ्रॉक हातात घेतला, बाही चाचपली. "टॅग कुठं हाय?"

मी डब्याकडे धावले. डबा रिकामा. आमच्या शिपाई पुतळाबाईने नेमका आजच वेळेवर कचरा काढला होता आणि घंटागाडी निघूनही गेली होती. एरवी आठवडाभर सांगितलं तरी हलत नाही ती.

सुवर्णाने दिपिकाचा दंड धरला आणि हात उगारला. तो मी मध्येच धरला.

"तिला नको मारूस. कात्री माझ्या हातात होती."

दिपिका रडली नाही. आईकडे बघून म्हणाली, "बाई बोलल्या चांगला कपडा आणा. घरात ह्योच चांगला व्हता."

मी फ्रॉकची घडी घातली आणि सुवर्णाला म्हटलं, शाळा सुटली की मी येते तुझ्याबरोबर गोडाऊनला.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघी रिक्षात बसलो. गठ्ठे मांडीवर, पायाशी, मध्ये दिपिका. मला घरी जायचं होतं. चहा टाकून पाय वर करून पडायचं होतं. वाटेत दोनदा मनात आलं, चिठ्ठी लिहून दिली असती तर चाललं नसतं का? पण सुवर्णा सारखी गठ्ठ्याची गाठ चाचपत होती. ते बघून मी तो विचार सोडला.

गोडाऊनच्या दारात टेबल टाकून कल्पेश बसला होता. माल तोच देतो आणि तोच घेतो. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने भराभर नग उलटले आणि गुलाबी फ्रॉकवर हात थांबवला.

"टॅग? ताई, वापरला काय?"

"मी वापरायला लावला," मी म्हटलं. "मी तिची बाई. पाच मिनिटं घातला, तोही युनिफॉर्मवरून. टॅग मी कापला. हिला काहीच माहीत नव्हतं." आणि व्हिडिओचंही सांगून टाकलं. लपवून उद्या कळलं असतं तर आगीतून फुफाट्यात.

"व्हिडिओ?" तो उभाच राहिला. "मॅडम, हा माल अजून बाजारात नाय आला! माझ्या हातात काय नाय, वरून ऑर्डर हाय."

"मलाही वरूनच ऑर्डर आहे!" मी ओरडले. इतक्या जोरात की आतले हमाल थांबून बघायला लागले. "तुझ्या वरच्याला टॅग पाहिजे, माझ्या वरच्याला व्हिडिओ पाहिजे. मध्ये मरायचं कोणी, या सात वर्षांच्या पोरीने?"

ओरडून झालं आणि लगेच भीती वाटली. माझा राग काढून झाला, पण काम जाणार होतं सुवर्णाचं. मी हात जोडले. इतकी वर्षं पालक माझ्यापुढे हात जोडत आले, मला ते कधी आवडलं नाही. जोडणाऱ्याला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

कल्पेशने मान खाजवली. दिपिकाकडे बघितलं. ती आईच्या पदराआड उभी होती.

"तो व्हिडिओ डिलीट करा. सगळीकडून. माझ्यासमोर."

मी डिलीट केला. ग्रुपवरून, ॲपवरून, फोनमधून. त्याने तीनही ठिकाणी वाकून खात्री केली.

"टॅगचं मी बघतो. पण ह्याच खेपेला हां, ताई. परत असं झालं तर दारात यायचं नाय."

त्याने नवीन गठ्ठा पुढे सरकवला. सुवर्णाने तो झटकन उचलून छातीशी धरला. परत येताना ती मला एकदाच म्हणाली, "बाई, तिला पुन्हा काय आणायला सांगू नका." मी बरं म्हटलं.

शुक्रवारी ॲपवर चाळीस नावं हिरवी आणि एक लाल. दिपिकाचं. घरून काही मागवायची सोय राहिली नव्हती. मी तिला पुढे बोलावलं. म्हटलं, "हे बघ, काही आणायचं नाही, काही घालायचं नाही. तुझ्या अंगावर आहे तोच स्कर्ट. त्याचंच वाक्य म्हण."

तिने आधी स्कर्टकडे बघितलं. मग खाली वाकली. स्कर्टचा पट्टा बाहेर काढून उलटा केला, कमरेभोवती फिरवून बघितला. खालची शिवण बोटांनी चाचपली, पूर्ण गोल. मी मोबाइल धरून उभी. पोरं चुळबुळायला लागली.

"काय शोधतेस गं?"

"टॅग न्हाय, बाई." ती माझ्याकडे बघत म्हणाली. "म्हंजे माझाच ना?"

मला रडू आलं. मी मोबाइल तोंडासमोर धरला, म्हणजे कोणाला दिसू नये.

"तुझाच गं बाई. तुझाच."

तिने स्कर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि वाक्य म्हटलं. आवाज इतका बारीक की लूमच्या खडखडाटात फक्त तिचे ओठ हलताना दिसले. ॲपने विचारलं, पुन्हा रेकॉर्ड करायचं? मी 'नाही' दाबलं.