विभूतीने शिवलेली पोटं

तिरुवैयारुला कावेरीकाठच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुमूर्ती स्वामींनी सोनोग्राफीचे दोन फोटो उंच धरले होते.

"पाहा! पहिल्यात लेकराची आतडी पोटाबाहेर. दुसऱ्यात आत! टाके कुणी घातले? माझ्या विभूतीने!"

पुढे बसलेली साईप्रिया हात जोडून रडत होती. फोटो तिच्याच बाळाचे होते. जयजयकार झाला.

लावण्या तेवढी त्या फोटोंकडे निरखून पाहत होती. तिला पाचवा महिना होता. बाळाच्या बेंबीशेजारी भोक आहे, त्यातून आतडी बाहेर आली आहेत, असं तंजावूरच्या डॉक्टर वाणींनी सांगितलं होतं. "ग्रहणात विळीवर बसलीस, त्याचं फळ," म्हणत सासू कमलाक्षीने तिला इथे आणलं होतं.

स्वामींनी तिला विभूती फासली. "गेली आतडी आत! आता मशीनखाली जायचं नाही. बाळंतपण आश्रमातच."

लावण्या उठून उभी राहिली. "आत गेली असतील तर दिसतीलच. उद्या पुन्हा सोनोग्राफी करते. तुम्हीही चला."

"शंका घेतलीस की विभूती विझते!"

"एवढ्याने विझते, मग पोट काय शिवणार?"

कमलाक्षीने तिचा हात ओढला. "गप्प बस गं! शाप देतील."

"देऊ देत, अम्मा. लेकरू माझं आहे."

दुसऱ्या दिवशी वाणींच्या दवाखान्यात स्वामी आले नाहीत. साईप्रिया मात्र आपले फोटो घेऊन आली. पडद्यावर लावण्याच्या बाळाची आतडी पूर्वीसारखीच बाहेर तरंगत होती. कमलाक्षीने साईप्रियाकडे बोट केलं. "मग हिच्या बाळाचं कसं बरं झालं?"

वाणींनी साईप्रियाचा पहिला फोटो पाहिला. "हा कधीचा?"

"तिसरा महिना नुकताच लागला होता."

"त्या वेळी प्रत्येक बाळाची आतडी थोडे दिवस नाळेत असतात. एवढ्याशा पोटात मावत नाहीत. तिसरा महिना सरेपर्यंत आपली आपण आत जातात. तुझी गेली, माझी गेली, स्वामींचीही गेली होती! याला आजार कोण म्हणालं?"

साईप्रियाचा चेहरा उतरला. "स्वामीच म्हणाले."

"लावण्याचं तसं नाही. हे आपोआप मिटत नाही. पण आधी कळलंय. बाळ जन्मताच आतडी स्वच्छ पिशवीत झाकू, मग शस्त्रक्रिया. सगळीच बाळं वाचतात असं नाही, पण बहुतेक वाचतात. आश्रमात जन्मलं तर मात्र आशा धरू नका."

पुढच्या सभेत साईप्रियाने माइक हिसकावला आणि सगळं सांगून टाकलं. स्वामी "कलियुग! कलियुग!" ओरडत राहिले. निम्मा मांडव रिकामा झाला. निम्मा तरीही बसून राहिला.

लावण्याला मुलगी झाली, इस्पितळात. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. कित्येक आठवडे नळ्या, सलाईन, काचेआडून पाहणं. एकदा तर वाणींनीही अख्खी रात्र बाळापाशी काढली. शेवटी पोर दूध पचवू लागली. आता ती घरभर रांगते.

कपाळाला विभूती लावायची तर खुशाल लावा. पण पोटातल्या जिवाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांकडे जा, वेळेवर जा. आणि जो सांगेल "तपासू नका", त्याला आधी तपासा.